मातीतली कुंडी की पाण्यातली बरणी?

रत्नागिरी असो की सावंतवाडी, कलादालनाची मांडणी सुरू झाली की कुणीतरी सांगतंच, "माती भरलेली कुंडी नको, ओल येते. पाण्यातलं झाड ठेवा." हा सल्ला साफ चुकीचा आहे.

पाण्यातलं झाड म्हणजे काचेच्या बरणीत मुळं सोडलेला मनी प्लांट नाहीतर भाजक्या मातीच्या गोळ्यांवर वाढवलेलं रोप. माती सांडत नाही, टेबल स्वच्छ राहतं. एवढं खरं.

पण झाडामुळे हवेत येणारी ओल मुख्यतः पानांतून येते. मुळं मातीत असोत की पाण्यात, ओढलेलं जवळजवळ सगळं पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन दालनात जातं. २५ अंशांना एक घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम बाष्प मावतं. चार बाय चारची, तीन मीटर उंचीची बंद खोली म्हणजे ४८ घनमीटर. तिथली आर्द्रता ५० वरून ६० टक्क्यांवर जायला ११० मिली पाणी, म्हणजे कपभर चहाएवढं, पुरतं. ६५ च्या पुढे बुरशीला वाव. त्यात गंजिफाच्या, म्हणजे सावंतवाडीच्या हातरंगी पत्त्यांना चिंचोक्याची खळ असते, म्हणजे बुरशीला आणि कसरीला आयतं खाणं.

"मग स्नेक प्लांट ठेवू, ते पाणी कमी पितं." कमी पितं हे बरोबर, पण ते छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, नेमका हवेतली ओल काढणारा एसी बंद असताना.

आपलं झाड किती ओल सोडतं ते मोजून बघा. पाणी घालून, निथळून कुंडी काट्यावर ठेवा, २४ तासांनी पुन्हा तोला. जितके ग्रॅम घटले तितके मिली पाणी हवेत गेलं.

किडीत मात्र फरक आहे. माती वरून सतत ओली राहिली की चिलटं होतात. बागेतून थेट आणलेल्या कुंडीच्या बुडाच्या भोकातून वाळवीही येते. बरणीत डास होतात, म्हणून ती दर आठवड्याला रिकामी करून आतून घासायची, नुसतं पाणी बदलून अंडी जात नाहीत.

आमच्या मते कागद, लाकूड, लाखकाम असलेल्या बंद दालनात दोन्ही नकोत. झाडं पडवीत, प्रवेशाशी, वारा खेळतो तिथे शोभतात. आणि मनी प्लांट भिंतीवर चढवू नका. त्याची हवाई मुळं उपटताना जुन्या चुन्याचा गिलावाही निघून येतो.