टाचेतली गोधडी आणि हुकूमशाही

सोलापुरात मी फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडे टाच दुखते म्हणून येणारे पेशंट खूप, त्यात पॉवरलूमवर दिवसभर उभी राहणारी माणसं जास्त. त्यांना मी सांगते की टाच म्हणजे गोधडी आहे. कातडीच्या आत दीड-दोन सेंटीमीटर चरबी असते, पण ती सुटी नसते, चिवट पडद्यांच्या बारीक बारीक कप्प्यांत भरलेली असते, गोधडीत टाके असतात ना तशी, म्हणून आपण हाडावर नाही तर गादीवर चालतो.

आता हे टाके उसवले तर? चरबी कडेला सरकते, टाच पसरट होते, बोटाने दाबलं की खाली थेट हाड लागतं आणि माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागतो. जगभर राजकीय कैद्यांच्या तळव्यांवर काठ्या-केबलने मारतात त्याला फालांगा म्हणतात आणि त्यातून बऱ्याच जणांचं हेच होतं. ग्रीसमध्ये 1967 ते 1974 लष्करी राजवट होती, तिथे हे सर्रास चालायचं. तळवेच का, तर बुटात झाकतात, सूज काही आठवड्यांत उतरते आणि कोर्टात दाखवायला वळसुद्धा उरत नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

पण शरीर विसरत नाही. 1974 मध्ये डेन्मार्कमधल्या काही डॉक्टरांनी ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेच्या कामातून अशा कैद्यांना नीट तपासायला सुरुवात केली, पुढे 1982 मध्ये त्यांच्यातल्याच डॉक्टर इंगे गेनेफके यांनी कोपनहेगनला त्यांच्यासाठी उपचार केंद्र काढलं. 1999 मध्ये इस्तंबूल प्रोटोकॉल आला, म्हणजे छळाच्या खुणा कशा तपासायच्या आणि नोंदवायच्या याची यूएनची नियमावली, त्यात डॉक्टरने खुणा आणि कैद्याचं सांगणं किती जुळतं ते पाच पायऱ्यांत लिहायचं असतं, अजिबात जुळत नाही इथपासून ते दुसरं कारण असूच शकत नाही इथपर्यंत.

आणि एवढा छळ करून खरं तरी कळतं का? कोठडीत झोपू देत नाहीत, त्याचंच बघा. 2016 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला, त्यात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना एक बटण दाबू नका असं बजावलं होतं. नंतर, त्यांनी ते दाबलेलं नसतानाही, दाबलं असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली. झोप झालेल्यांपैकी 18 टक्क्यांनी पहिल्याच विनंतीला सही केली, रात्रभर जागलेल्यांपैकी 50 टक्क्यांनी. ही फक्त एका रात्रीची जाग, ना मार ना धमकी, मग कोठडीतल्या कबुलीला काय अर्थ राहतो सांगा.

आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यातच पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही असं कलम होतं, नव्या कायद्यातही ते आहे. पण छळाविरुद्धच्या यूएन करारावर भारताने 1997 ला सही केली, ती अजून पक्की केलेली नाही. सोलापूर हे 1930 चा मार्शल लॉ सोसलेलं आणि जानेवारी 1931 मध्ये चार माणसं फासावर गेलेलं गाव आहे, त्या चौघांचे पुतळे असलेल्या चार पुतळा चौकावरून रोज जाताना हे मनात येतंच.

फालांगा सोसलेल्या पेशंटवरचे उपचार आमच्या अभ्यासातल्यासारखेच, टाचेखाली मऊ पॅड, पोटरीचे व्यायाम, परत सरळ चालायची सवय. फक्त विजेचं मशीन आणायचं नाही, अनेकांना शॉक दिलेले असतात. आणि पायाला हात लावायच्या आधी दर वेळी विचारायचं, लावू का, आणि तो नको म्हणाला तर त्या दिवशी नुसतं शेजारी बसायचं.