फ्यूज आहे म्हणून जुना अ‍ॅम्प थेट प्लगला लावू नका
आमच्या शहापुरात कुणी जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला की ठरलेलं वाक्य, 'फ्यूज आहे की, लाव थेट, काय होतंय.' तसं नाही हो. फ्यूज मुख्यतः आग लागू नये म्हणून असतोय, आतला आवाज वाढवणारा भाग, म्हणजे ट्रान्झिस्टर, बऱ्याचदा फ्यूजच्या आधीच जातो, त्यात वर्षानुवर्षं पडून कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात. त्यापेक्षा स्पीकर न जोडता 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी नको, फेजच्या वायरीत सिरीजला, म्हणजे करंट बल्बातून होऊनच अ‍ॅम्पला जाईल असा, घाला. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर बरं, लख्खच राहिला तर बहुतेक आत शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा. आणि प्लग काढला म्हणून आत बोट घालू नका, मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतोय. बाहेरच्या देशातला सेट असेल तर मागची पट्टी आधी वाचा, 110 व्होल्टचा असला तर आपल्या 230 ला थेट लावायचाच नाही.