निक्सन गेले, पण महाभियोगाने नाही

'वॉटरगेट प्रकरणात महाभियोग चालवून अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना पदावरून हटवण्यात आलं.' हे वाक्य मी इतक्या लेखांत आणि स्पर्धा परीक्षांच्या इतक्या नोट्समध्ये वाचलंय की आता ते दिसलं की पुढचं वाचवत नाही. त्याच्या जोडीला दुसरं असतंच: 'अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग फेटाळला गेला.' दोन्ही वाक्यं चूक आहेत आणि दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. निक्सन यांच्यावर महाभियोग मंजूर झालाच नव्हता, तरी त्यांना जावं लागलं. क्लिंटन यांच्यावर तो मंजूर झाला होता, तरी ते राहिले.

वॉटरगेटची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट संकुलात, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. त्यांचे धागे निक्सन यांच्या प्रचारयंत्रणेपर्यंत जात होते. नोव्हेंबरमध्ये निक्सन ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले. मग चौकशी लागली, अध्यक्षांच्या कार्यालयातली संभाषणं टेपवर आहेत हे बाहेर आलं आणि त्या टेप्ससाठी झगडा सुरू झाला. (प्रत्येक घोटाळ्याला 'गेट' चिकटवण्याची सवयही तेव्हापासूनची. ते इमारतीचं नाव होतं, एवढं तरी लक्षात ठेवावं.)

आता मुद्द्याचं. महाभियोग या शब्दातच उत्तर आहे. अभियोग म्हणजे आरोप ठेवणं, खटला भरणं. त्यात शिक्षा नाही. अमेरिकेत हे काम संसदेच्या खालच्या सभागृहाचं, म्हणजे प्रतिनिधिगृहाचं: साध्या बहुमताने आरोपांची कलमं मंजूर झाली की अध्यक्षांवर महाभियोग झाला. त्यानंतर वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, खटला चालतो. तिथे दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरले तरच पद जातं. पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं म्हणून माणसाला जन्मठेप झाली, असं आपण कधी म्हणत नाही. मग इथेच का म्हणतो?

मला वाटतं, आपल्या राज्यघटनेमुळे. कलम ६१ प्रमाणे राष्ट्रपतींवर एक सभागृह दोषारोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं, आणि दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं पडली की राष्ट्रपती पदावरून दूर होतात. या सगळ्या प्रक्रियेला मिळून आपण महाभियोग म्हणतो, त्यामुळे कानाला तो शब्द हकालपट्टीसारखा वाटतो. न्यायाधीशांना हटवण्याच्या प्रस्तावालाही आपली वर्तमानपत्रं तेच नाव देतात. अमेरिकेबद्दल लिहिताना तरी दोन पायऱ्यांना दोन शब्द वापरा: प्रतिनिधिगृहात महाभियोग, सिनेटमध्ये पदच्युती. माझा आग्रह एवढाच आहे.

निक्सन या दोन पायऱ्यांपैकी पहिलीपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. लोक इथेच घसरतात, कारण १९७४ च्या जुलैत एक मतदान खरोखर झालं होतं. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने, पीटर रोडिनो यांच्या अध्यक्षतेखाली, तीन कलमं मंजूर केली. २७ जुलैला न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचं, २७ विरुद्ध ११. दोन दिवसांनी सत्तेच्या गैरवापराचं, २८ विरुद्ध १०. ३० जुलैला समितीचे आदेश धुडकावल्याचं, २१ विरुद्ध १७. पहिल्या कलमाला निक्सन यांच्याच पक्षाच्या सहा जणांनी पाठिंबा दिला होता. पण ही समिती होती, सभागृह नव्हे. समितीने फक्त शिफारस केली. ती कलमं पूर्ण सभागृहासमोर मताला यायची होती.

ती आलीच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैलाच ८ विरुद्ध ० अशा निकालाने टेप्स द्यायला लावल्या होत्या. ५ ऑगस्टला त्यातल्या २३ जून १९७२ च्या संभाषणाचा मजकूर जाहीर झाला. घुसखोरीला जेमतेम सहा दिवस झाले होते आणि निक्सन आपले सहकारी हाल्डेमन यांच्याशी बोलत होते की सीआयएकडून एफबीआयचा तपास थांबवावा. समितीत त्यांच्या बाजूने मत दिलेल्यांनीही आता साथ सोडली. ७ तारखेला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे त्यांच्याच पक्षाचे तीन नेते भेटायला गेले. सिनेटमध्ये पद वाचवायला १०० पैकी ३४ मतं लागली असती. तेवढी मिळणार नाहीत, हे त्यांनी सांगितलं.

९ ऑगस्टचं राजीनामापत्र एका वाक्याचं आहे. वर परराष्ट्रमंत्री म्हणून किसिंजर यांना संबोधन, मध्ये 'मी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे' एवढंच, खाली सही. कारण नाही, कबुली नाही. किसिंजर यांनी त्यावर ११:३५ ही वेळ घालून आद्याक्षरं केली. पुढे २० ऑगस्टला सभागृहाने ४१२ विरुद्ध ३ मतांनी समितीचा अहवाल स्वीकारला, आणि हाच आकडा दाखवून 'झाला की महाभियोग' म्हणणारेही भेटतात. स्वीकारला तो अहवाल. कलमं मंजूर झाली नाहीत.

हा फरक नुसता शब्दांचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. माजी अध्यक्षांच्या निवृत्तिवेतनाचा १९५८ चा कायदा सिनेटने पदच्युत केलेल्याला ते देत नाही. राजीनामा दिल्यामुळे निक्सन यांना ते मिळत राहिलं. ८ सप्टेंबरला त्यांच्या जागी अध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना सरसकट माफी दिली. ही माफी म्हणजे निर्दोष सुटका, हाही एक गैरसमज आहे. माफीने फौजदारी खटला टळला. महाभियोग मात्र अध्यक्षांच्या माफीच्या अधिकाराबाहेर आहे. तो झाला असता तर फोर्ड यांना पुसता आला नसता.

१९७१ च्या युद्धात निक्सन यांनी पाकिस्तानची बाजू घेतली आणि बंगालच्या उपसागराकडे आरमार धाडलं, हे आपल्याकडे विसरलेलं नाही. मीही विसरलेलो नाही. पण त्यांना झाली नाही ती शिक्षा कागदावर देऊन टाकली, तर ते कसे निसटले हेच दिसेनासं होतं.

२७ एप्रिल १९९४ ला कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा इथे निक्सन यांचा अंत्यविधी झाला. विद्यमान अध्यक्ष म्हणून बिल क्लिंटन बोलले आणि निक्सन यांचं मोजमाप त्यांच्या संपूर्ण आयुष्यावरून व्हावं, असं म्हणाले. १९ डिसेंबर १९९८ ला क्लिंटन यांच्यावर महाभियोग मंजूर झाला. १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटमध्ये ते सुटले आणि २० जानेवारी २००१ पर्यंत अध्यक्ष राहिले.