गोळी लागली की माणूस मागे उडतो?

खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे, त्यामुळे पुण्यात बंदुकीवर बोलणाऱ्यांची वानवा नाही. चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं: "पॉइंट फोर फोर मॅग्नमची गोळी लागली ना, माणूस दहा फूट मागे उडतो!" सिनेमात दोरी बांधून मागे खेचलेला माणूस पाहून झालेला हा समज.

हिशेब करा की. पॉइंट फोर फोर मॅग्नम म्हणजे दणकट रिव्हॉल्व्हरचं काडतूस. त्याची नेहमीची गोळी साधारण १५.५ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४२० मीटरच्या आसपास. वजन गुणिले वेग म्हणजे संवेग, वजन किलोत धरलं तर तो येतो साडेसहा. ७० किलोच्या माणसाला तेवढ्याने मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर. रमतगमत चालण्यापेक्षाही कितीतरी कमी!

आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या, ताशी १४० किलोमीटरने टाकलेला. त्याचा संवेगही सव्वासहाच्या घरात. यष्टीरक्षक तो झेलतो, हात चोळतो, उडून सीमारेषेवर जात नाही.

शिवाय गोळी पुढे जाते तेवढाच धक्का झाडणाऱ्याला मागे बसतो. उलट नळीतून सुटणाऱ्या वायूंमुळे किंचित जास्तच. मग आधी तोच उडायला हवा.

फरक आहे तो ऊर्जेत. गोळीत जवळपास १,३७० ज्यूल, चेंडूत १२०. वेग दुप्पट केला तर संवेग दुप्पट होतो, पण ऊर्जा चौपट. ती माणसाला ढकलत नाही, शरीर फाडत आत जाते. गोळी लागलेला बहुधा जागीच कोसळतो, कधी तर दोन पावलं पुढेही येतो.