उजनीच्या रोहितांचे माहेर

सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य कडेला, करमाळा तालुक्यातील केत्तूर परिसरात, उजनी जलाशयाचे पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे उतरतात आणि वर्तमानपत्रांत ‘परदेशी पाहुणे दाखल’ अशी बातमी येते. ही बातमी निम्मीच खरी आहे. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, हिमालय ओलांडून येतात, त्यांना परदेशी म्हणणे रास्तच. रोहित मात्र मुख्यतः गुजरातेतून येतात, असे पक्षी अभ्यासक मानतात. तिथे त्यांची मोठी वीण होते ती कच्छच्या मोठ्या रणात, म्हणजे वर्षातील बराच काळ पांढऱ्या मिठाखेरीज काहीही न दिसणाऱ्या ओसाड प्रदेशात. बाळंतपणाला माहेरी जावे, तसाच हा प्रकार.

पावसाळ्यात या रणाचे रूप पालटते. लुणी आणि बनास या नद्यांचे पाणी, स्थानिक पाऊस आणि नैर्ऋत्य वाऱ्यांनी खाडीतून आत रेटलेले समुद्राचे पाणी असे तिन्ही मिळून सपाट जमिनीवर उथळ, खारट सरोवर पसरते. त्यातील किंचित उंचवट्यावर रोहित चोचीने चिखल ओढून वीतभर ते हातभर उंचीचे, माथ्यावर खोलगट असे ढिगारे रचतात आणि त्यावर बहुधा एकच अंडे घालतात. भोवतालचे पाणी हाच कोल्ह्यांपासूनचा कोट असल्यामुळे ते वेळेआधी आटले, तर थवा घरटी सोडून जातो. फार चढले, तर ढिगारेच बुडतात.

कच्छी लोक रोहिताला हंज म्हणतात, त्यावरून विणीच्या जागेला हंज बेट हे नाव पडले. कच्छचे राव खेंगारजी तिसरे यांनी १८९३ मध्ये या विणीची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९४५ मध्ये डॉ. सालिम अली तिथे पोहोचले आणि त्यांनी प्रौढ पक्ष्यांची संख्या सुमारे पाच लाख असल्याचा अंदाज मांडला. रणाच्या विस्तीर्ण भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो १९८६ मध्ये.

उजनीचा इतिहास त्यामानाने अगदी अलीकडचा आहे. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ टीएमसीच्या आसपास, मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचे पाणी, आहे; पाणी त्याही खाली उतरले, की टक्केवारी उणे मोजतात. म्हणूनच सोलापूरकरांच्या बोलण्यात ‘उजनी वजामध्ये गेली’ हे वाक्य दर उन्हाळ्यात येते. २०२४ मध्ये तर पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. शेतकऱ्याच्या काळजीचा हा आकडा रोहिताच्या मात्र सोयीचा असतो, कारण मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत खाणाऱ्या या पक्ष्याला गुडघाभर पाण्याखालचा चिखल लागतो, काठोकाठ भरलेले धरण नव्हे. धरण जास्त काळ तुडुंब राहिले, की थवे उशिरा दिसतात ते त्यामुळेच.

त्याच ओल्या पट्ट्यावर गाळपेर करणारे, म्हणजे उघड्या गाळात पीक घेणारे, शेतकरीही उतरतात. पाणी मागे हटेल तसे चारी खोदून पंप पुढे सरकवले जातात आणि पक्ष्यांचा थवा आणखी शंभर पावले आत सरकतो. पावसाळा तोंडावर आला की बहुतेक थवे उत्तरेकडे निघून जातात. हंज बेटावर त्या वर्षी घरटी होणार की नाही, हे मग तिथे किती पाणी चढते आणि किती काळ टिकते यावर ठरते.