प्रवासमागणी प्रतिमान

शहरातील लोक दिवसभरात कुठून कुठे, कशाने आणि कोणत्या वाटेने जातील याचा आगाऊ अंदाज बांधणारी गणिती चौकट. रस्ते, पूल, उपनगरी रेल्वे, मेट्रो यांचे आराखडे करताना तिचा आधार घेतात. तिचे सर्वांत रुळलेले रूप म्हणजे चार टप्प्यांचे प्रतिमान. त्यासाठी शहराचे लहान विभाग (झोन) पाडतात. प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतील हे पहिल्या टप्प्यात ठरते, त्या कोणत्या विभागाकडे जातील हे दुसऱ्यात (वितरण), बस, रेल्वे, दुचाकी, मोटार यांपैकी कशाने होतील हे तिसऱ्यात आणि रस्ते-रेल्वेच्या जाळ्यातील कोणत्या वाटांवर पडतील हे चौथ्यात (वाटप). स्थापत्य अभियांत्रिकी, भूगोल, अर्थशास्त्र आणि प्रादेशिक विज्ञान या चारही शाखांतील अभ्यासकांनी हा विषय घडवला असल्याने त्याच्या उगमाविषयी एकमत नाही.

उगम : अमेरिकन अभियंते सहसा डिट्रॉइट महानगर क्षेत्राच्या वाहतूक अभ्यासापासून सुरुवात धरतात. त्याचा काळ साधारणपणे १९५३ ते १९५५ मानला जातो; अहवालाचे दोन खंड १९५५ व १९५६ मध्ये निघाले. या अभ्यासाचे प्रमुख जे. डग्लस कॅरल हेच पुढे १९५५ मध्ये सुरू झालेल्या शिकागो क्षेत्र वाहतूक अभ्यासाचे संचालक झाले आणि डिट्रॉइटमध्ये पंचकार्ड यंत्रांवर केलेले काम शिकागोत संगणकावर गेले. शिकागोच्या अहवालाचे तीन खंड १९५९, १९६० आणि १९६२ या वर्षांचे आहेत. तेथे ‘कार्टोग्राफाट्रॉन’ नावाचे खास यंत्र बनवून घेतले होते. घरोघरच्या मुलाखतींतून मिळालेली प्रत्येक फेरी ते कॅथोड नळीच्या पडद्यावर एका रेघेच्या रूपाने उमटवी आणि छायाचित्रात साऱ्या रेघा साठून शहराच्या हालचालींचा नकाशा दिसे.

नियोजनशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट मिचेल आणि चेस्टर रॅपकिन यांच्या १९५४ च्या ग्रंथाला अग्रमान देतात. वाहतूक स्वयंभू नसून जमिनीच्या वापरातून निपजते, ही त्यांची मांडणी पहिल्या टप्प्याचा पाया ठरली.

दुसऱ्या टप्प्यातील गुरुत्व प्रतिमानाची वंशावळ याहून बरीच जुनी आहे. दोन ठिकाणांमधील ये-जा त्यांच्या आकारमानाच्या गुणाकाराशी समप्रमाणात आणि अंतराच्या एखाद्या घाताशी व्यस्त प्रमाणात असते, ही कल्पना हेन्री कॅरी (१८५८–५९) यांच्या समाजशास्त्रीय लेखनात, अर्न्स्ट राव्हेनस्टाइन (१८८५) यांच्या स्थलांतराच्या नियमांत आणि विल्यम रायली यांच्या किरकोळ बाजारपेठेच्या नियमात (१९३१) वेगवेगळ्या रूपांत आढळते. प्रवासाच्या संदर्भात मात्र ऑस्ट्रियातील रेल्वे अभियंता एडुआर्ट लिल यांचा मान पहिला असावा. त्यांनी १८९१ च्या पुस्तिकेत रेल्वेच्या प्रवाशांवरूनच ‘प्रवासाचा नियम’ मांडला होता. अमेरिकन वाहतूक अभियंत्यांनी लिल यांचे काम वाचले असल्याच्या खुणा दिसत नाहीत. ॲलन व्हुरहीस आणि एच. जे. केसी यांनी १९५५ मध्ये गुरुत्वाची कल्पना शहरी वाहतुकीला लावली, ती रायली यांच्या वाटेने आली. फेऱ्यांचा तक्ता ओळी आणि स्तंभांच्या बेरजांशी पुन्हापुन्हा जुळवून घेण्याच्या रीतीचेही असेच झाले. ती थॉमस फ्रॅटर यांच्या १९५४ च्या क्लीव्हलंडमधील कामाच्या नावे ओळखली जाते. पण क्रुइटहॉफ या दूरध्वनी अभियंत्याने १९३७ मध्येच टेलिफोन कॉलच्या अंदाजासाठी तीच आकडेमोड वापरली होती.

हे सारे दावे पाहता डिट्रॉइट-शिकागोच्या कामाला शोध म्हणण्यापेक्षा जुळणी म्हणणे अधिक योग्य. सुटे भाग आधीपासून होते. ते एका शहराच्या एका आराखड्यासाठी एका ओळीत लावण्याचे श्रेय कॅरल यांच्या गटाचे आहे. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारा क्रमसुद्धा तेव्हा ठरलेला नव्हता. शिकागोत साधनाची निवड फेऱ्यांच्या वितरणाआधी उरकली जाई आणि वितरणासाठी गुरुत्वाऐवजी मॉर्टन श्नायडर यांचे मधल्या संधींवर, म्हणजे वाटेत आधी किती ठिकाणी काम भागू शकते यावर, आधारलेले प्रतिमान वापरले होते. १९६२ च्या अमेरिकन महामार्ग कायद्याने ५०,००० हून अधिक वस्तीच्या शहरी क्षेत्रांना केंद्रीय निधीसाठी सातत्यपूर्ण नियोजन सक्तीचे केले, तेव्हा ही जुळणी देशभर पसरली.

समतोलाचा प्रश्न : चौथ्या टप्प्यातील अडचण साधी दिसते, पण प्रतिमानाचा कस तिथेच लागतो. वाट निवडताना प्रवासी वेळ पाहतो. वेळ गर्दीवर अवलंबून असतो. आणि गर्दी सगळ्यांच्या निवडीतून तयार होते. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील जॉन वॉर्डरॉप यांनी १९५२ मध्ये या तिन्हींच्या समतोलाची अट मांडली : वापरात असलेल्या सर्व वाटांना सारखाच वेळ लागतो आणि वापरात नसलेल्या कोणत्याही वाटेने त्याहून कमी वेळ लागत नाही. दोन रस्त्यांपुरता हा विचार आर्थर पिगू (१९२०) आणि फ्रँक नाइट (१९२४) यांनी आधीच केला होता.

मार्टिन बेकमन, बार्टलेट मॅकग्वायर आणि क्रिस्टोफर विन्स्टन यांनी १९५६ मध्ये दाखवले, की वॉर्डरॉपची अट एका बहिर्वक्र इष्टतमीकरणाच्या (एखादी राशी कमीत कमी करण्याच्या) उदाहरणातून आपोआप निघते आणि वाढत्या वेळेनुसार घटणारी मागणीही त्याच समीकरणात बसते. म्हणजे फेऱ्या किती आणि वाटा कोणत्या, हे एकत्र सोडवता येत होते. त्यांचे संशोधन ज्या काउल्स आयोगात, म्हणजे अर्थशास्त्राच्या संशोधन संस्थेत, झाले तो १९५५ पर्यंत शिकागो विद्यापीठातच होता. त्याच शहरात कॅरल यांचा गट त्यानंतर एकेका विभागाच्या फेऱ्या जाळ्यावर चढवून, दर वेळी प्रवासवेळ सुधारून घेत पुढे जात होता. या दोन गटांची गाठ पडली नाही आणि त्याची किंमत विषयाला दोन दशके मोजावी लागली.

तेव्हाच्या संगणकांना हे गणित झेपलेच नसते, असा एक पक्ष आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रादेशिक विज्ञानात घडलेले आणि पुढे इलिनॉय विद्यापीठात अध्यापन केलेले डेव्हिड बॉइस हे या दुराव्याकडे विद्याशाखांमधील तुटलेपण म्हणून पाहतात. ह्यू विल्यम्स यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला या क्षेत्राचा इतिहास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉइस यांचे म्हणणे अधिक पटते, कारण लागणारी गणनरीत मार्गरिट फ्रँक आणि फिलिप वुल्फ यांनी १९५६ मध्येच प्रसिद्ध केली होती. ती रस्त्यांच्या जाळ्यावर प्रत्यक्ष चालवून दाखवणारे लॅरी लेब्लाँक, एडवर्ड मोरलॉक आणि विल्यम पिअरस्कॅला यांचे काम १९७५ चे आहे, तर वितरण आणि वाटप एकत्र सोडवणारी सुझान इव्हान्स यांची रीत १९७६ ची.

गर्दी आणि वेळ यांचे नाते बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सच्या १९६४ च्या सूत्राने मांडतात. रस्त्यावरील वाहने भागिले रस्त्याची क्षमता, या गुणोत्तराचा चौथा घात घेऊन त्याला ०.१५ ने गुणायचे, त्यात १ मिळवायचा आणि येणाऱ्या संख्येने मोकळ्या रस्त्यावरील वेळेला गुणायचे. क्षमतेइतकी वाहने असतील तर १० मिनिटांचा रस्ता साडेअकरा मिनिटांचा होतो. क्षमतेच्या दुप्पट वाहने घातली तर ३४ मिनिटांचा. प्रत्यक्षात क्षमतेच्या दुप्पट वाहने एखाद्या रस्त्यावरून जाऊच शकत नाहीत, ती मागे रांगेत साठतात. तरीही साधेपणामुळे हे सूत्र टिकून आहे.

निवडीचे सिद्धांत : ॲलन विल्सन यांनी १९६७ मध्ये भौतिकीतील एन्ट्रॉपीच्या (अव्यवस्थेच्या मापाच्या) कल्पनेतून गुरुत्व प्रतिमान सिद्ध केले. न्यूटनची उपमा त्यामुळे अनावश्यक ठरली. १९७० च्या दशकात डॅनियल मॅकफॅडन यांनी व्यक्तीच्या निवडीला उपयोगितेचा, म्हणजे पर्यायातून मिळणाऱ्या समाधानाचा, पाया देऊन प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची शक्यता काढणारे लॉजिट प्रतिमान प्रस्थापित केले. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ रेल्वे सुरू होण्यापूर्वीच्या माहितीवरून त्यांच्या गटाने कामावर जाणाऱ्यांत तिचा वाटा ६.३ टक्के राहील असे काढले. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के आला. मॅकफॅडन यांना २००० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. साध्या लॉजिटला एकसारखे पर्याय ओळखता येत नाहीत. बस लाल आणि निळी अशी दोन रंगांत रंगवली तरी ते बसप्रवाशांचा वाटा वाढवून दाखवते. पर्यायांचे गट पाडणाऱ्या रचनांनी हा दोष आवरला. टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांच्या १९७० च्या काळ-अवकाश भूगोलातून पुढे आलेली प्रतिमाने सुटी फेरी न मोजता माणसाचा पूर्ण दिवस मोजतात.

टीका : डग्लस ली यांनी १९७३ मध्ये मोठ्या नागरी प्रतिमानांवर केलेली टीका आजही उद्धृत होते. ब्रिटनमधील सल्लागार समितीने १९९४ मध्ये नवे रस्ते नवी वाहतूक ओढून आणतात असे मान्य केले. मागणी स्थिर धरून रस्त्याचा फायदा काढणाऱ्या अहवालांना हा मोठा धक्का होता.

महाराष्ट्रात : मुंबईसाठी विल्बर स्मिथ अँड असोसिएट्स या अमेरिकन सल्लागार संस्थेने १९६२-६३ च्या सुमारास वाहतूक अभ्यास केला. पश्चिम किनाऱ्यालगतच्या द्रुतमार्गाची, म्हणजे आजच्या सागरी किनारा मार्गाची मूळ कल्पना बहुधा त्या आराखड्यातली मानतात. मुंबई महानगर प्रदेशाचा सर्वंकष वाहतूक अभ्यास ‘ट्रान्सफॉर्म’ या नावाने २००८ मध्ये पूर्ण झाला. निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होतात, हे त्यातील एक ठळक निरीक्षण. अशा फेऱ्या बहुतांशी एकाच विभागात सुरू होऊन तिथेच संपतात, त्यामुळे जाळ्यावर त्या पडतच नाहीत आणि पदपथांची गरज चौथ्या टप्प्याच्या निकालात उमटत नाही.

उपनगरी रेल्वेची गर्दी ही दुसरी अडचण. ऐन गर्दीच्या वेळी डब्यात दर चौरस मीटरला १४ ते १६ प्रवासी उभे असतात. रेल्वेच्या भाषेत हा ‘सुपर डेन्स क्रश लोड’. वसई किंवा नालासोपाऱ्याचा प्रवासी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटा विरारला जातो आणि त्याच गाडीने चर्चगेटकडे परततो. कमीत कमी वेळेची वाट शोधणारे गणित हा प्रवास कधीच दाखवणार नाही. त्यासाठी उभे राहण्याच्या मिनिटाला बसण्याच्या मिनिटापेक्षा जड मोल द्यावे लागते, आणि ते मोल लंडन वा पॅरिसच्या अभ्यासांतून उसने न घेता विरार, कल्याण, पनवेलच्या फलाटांवर विचारूनच काढायला हवे.