श्रवण आणि सेवा (ख्रिस्ती आचरण)

देवाची वाणी ऐकणे आणि जे ऐकले ते शेजाऱ्याच्या सेवेतून जगणे, ही ख्रिस्ती श्रद्धेच्या रोजच्या आचरणाची मूळ रीत आहे. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, पेंटेकॉस्टल अशा सर्व परंपरांत ती आढळते; पद्धती मात्र निरनिराळ्या. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये (चर्चच्या स्थानिक समुदायांमध्ये) सकाळच्या वाचन-प्रार्थनेला ‘शांत वेळ’ म्हणतात, एखाद्या कामाविषयी मनातून न हटणाऱ्या तळमळीला ‘ओझे’ आणि आयुष्यभराच्या कामासाठी आलेल्या हाकेला ‘पाचारण’. काहींनी प्रार्थना करायची आणि काहींनी राबायचे, अशी विभागणी ज्या मंडळीत होते, तिथे दोन्ही बिघडतात. प्रार्थना स्वतःच्याच गरजांभोवती फिरू लागते आणि देणाऱ्याला सोयीचे असेल ते वाटणे म्हणजे सेवा, असे होऊन बसते.

बायबलमधील आधार. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लहानग्या शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, पण ती कोणाची हे त्याला उमगत नाही. तीनदा तो म्हाताऱ्या एली याजकाकडे धावत जातो. तिसऱ्या खेपेला एलीच्या लक्षात येते आणि तो त्याला ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे उत्तर द्यायला शिकवतो. ऐकायलाही शिकावे लागते आणि त्यासाठी जाणते माणूस जवळ असावे लागते. त्या रात्री मिळालेला निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता, हेही विसरू नये. एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देव भेटला तो वारा, भूकंप आणि अग्नी सरल्यावरच्या मंद वाणीत, आणि त्या वाणीने त्याला लगेच परत कामाला धाडले. लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) दहाव्या अध्यायात जखमी वाटसरूला उचलून नेणारा शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला परका माणूस, आणि प्रभूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया पाठोपाठ येतात. याकोबाचे पत्र (१:२२) नुसते ऐकणाऱ्याला स्वतःची फसवणूक करणारा म्हणते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारणा होते ती भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याविषयी.

मुंबईतील परंपरा. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले. १८४८ साली आलेले जॉर्ज बोवेन यांनी मिशनचा पगार सोडून सामान्य वस्तीत साधेपणाने राहणे पत्करले आणि १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबई सोडली नाही. पहाटेचे मनन आणि दिवसभराचा रस्त्यावरचा संवाद त्यांच्या आयुष्यात एकजीव झालेले दिसतात. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी याच शहरात शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली. पुढे ते पुण्याला हलले आणि त्यांचे काम केडगावला रुजले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या अभंगांमुळे मराठी ख्रिस्ती माणसाला देवाशी बोलायला घरची भाषा मिळाली. पेटी-तबल्यावर एक अभंग शांतपणे म्हटला की पुढच्या मौनाला वेगळी तयारी लागत नाही.

सेवेच्या बाजूने नागपाड्याचे उदाहरण फार मोलाचे आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२०च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहूड हाउस हे वस्तीसेवा केंद्र सुरू केले. वस्तीतल्या लोकांत राहून, त्यांच्या गरजा समजून घेऊन काम उभे करायचे, ही त्यामागची दृष्टी. अशा कामाला शिकलेली माणसे लागतात हे पुढे आले आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क त्याच वास्तूत सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. कॅथलिक बाजूला मुंबई महाधर्मप्रांतात १९८०च्या दशकापासून लघु ख्रिस्ती समुदायांची बांधणी झाली. एका गल्लीतली किंवा इमारतीतली काही कुटुंबे एकमेकांच्या घरी जमून वचन वाचतात आणि शेजारची कामे उचलतात.

शांत वेळ. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहत असतील तर एकांत शोधावाच लागतो. चाळीत पहाटे नळाला पाणी येते. पिंप भरून झाल्यावर आणि घर जागे होण्याआधी मिळणारी वीस-पंचवीस मिनिटे अनेकांची ठरलेली वेळ असते. काही जण कामावर जाताना वाटेतल्या चर्चमध्ये बसतात. विरार लोकलमध्ये कानाला इअरफोन लावून बायबल ऐकणे चांगलेच, पण त्याने वाचन होते. मौन होत नाही. त्यासाठी दहा मिनिटे का होईना, वेगळी काढावी.

जुनी पायरीवार पद्धत बाराव्या शतकातल्या ग्विगो या कार्थुसियन (एकांत आणि मौन पाळणाऱ्या कॅथलिक संघाच्या) मठवासीयाने मांडली : वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत सान्निध्य. आठ ते पंधरा ओव्यांचा एकच उतारा घ्यावा. पहिल्यांदा सावकाश वाचावा, दुसऱ्यांदा ओठ हलवत वाचावा आणि जिथे मन अडखळेल तिथे थांबावे. तो शब्द घोळवत राहावे, त्यावरून देवाशी बोलावे आणि मग बोलणे थांबवून बसावे. शेवटी वहीत तारीख, संदर्भ, एक ओळ आणि संध्याकाळपर्यंत करायची एक गोष्ट लिहावी. ‘सर्वांवर प्रेम करणे’ असे लिहून काही घडत नाही. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे रेशन आणणे’ हे घडते किंवा राहून जाते आणि रात्री ते कळते.

उतारे क्रमाने घ्यावेत : एखादे शुभवर्तमान सुरुवातीपासून, किंवा चर्चच्या वाचनक्रमातले त्या दिवसाचे वाचन. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल त्या ओळीला देवाचे उत्तर मानायचे, ही सवय घातक आहे. मनाजोगती ओळ मिळेपर्यंत माणूस पुन्हा पुन्हा पुस्तक उघडतो आणि अखेर स्वतःचाच आवाज ऐकतो. रात्री दहा-पंधरा मिनिटांचे आत्मपरीक्षण ही जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची देणगी : आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, चुकांची क्षमा आणि उद्याचा निश्चय. दमलेल्या माणसाला उजळणीपाशीच झोप लागते. म्हणून ते अंथरुणावर पडून करू नये, बसून करावे.

पारख. ऐकल्यासारखे वाटले ते सगळे देवाचे नसते. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना (१ थेस्स. ५:१९–२१) आत्म्याला विझवू नका असे सांगतो आणि त्याच दमात सर्वांची पारख करा असेही सांगतो. करिंथच्या मंडळीला तर त्याची सूचना आहे की दोघा-तिघा संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी ते तपासावे (१ करिंथ १४:२९). पारखेच्या कसोट्या थोड्याच आहेत. जे ऐकले ते शास्त्राशी आणि ख्रिस्ताच्या स्वभावाशी जुळते का? त्यातून प्रीती, शांती, सहनशीलता ही गलतीकरांस पत्रातली फळे येतात, की घाई, भीती आणि मोठेपणा? मंडळीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांनी, विशेषतः ज्यांचा आपल्याशी मतभेद होऊ शकतो अशांनी, त्याला दुजोरा दिला का? आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे? स्वतः काहीच सोसायचे नाही आणि दुसऱ्याला घर, पैसा किंवा नाते सोडायला सांगायचे, अशा ‘वाणी’पासून दूरच राहावे. इग्नेशियस यांचा आणखी एक नियम रोजच्या उपयोगाचा आहे : मन कोरडे आणि खचलेले असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

लग्न, पैसा आणि औषधोपचार यांविषयीच्या भविष्यवाण्यांनी सर्वांत जास्त नुकसान होते. मुंबईत क्षयरोग मोठ्या प्रमाणावर आहे. औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खोकला आणि ताप कमी होतो. तेवढ्यात प्रार्थना सभेत कोणी ‘प्रभूने तुला बरे केले’ असे जाहीर केले आणि रुग्णाने गोळ्या सोडल्या, तर उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात. साध्या क्षयाचाही उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. प्रतिरोधक क्षयाची औषधे त्याहून जड. बरे झाल्याची साक्ष द्यायची ती डॉक्टरांनी औषधे बंद केल्यावर. तसेच, कोणाला सतत आवाज ऐकू येत असतील, ते आवाज हुकूम सोडत असतील, झोप उडाली असेल, तर त्याला उपास-प्रार्थनेच्या ओळीत बसवू नये. केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करायला उपचार आड येत नाहीत.

सात पायऱ्यांची सभा. श्रवणातून सेवेकडे नेणारी सर्वांत नेटकी सामूहिक पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झाली आणि लघु समुदायांबरोबर जगभर पसरली. आठ-बारा माणसे, एक खोली, सव्वा तास. एक जण साध्या शब्दांत प्रभूला आमंत्रण देतो. उतारा सावकाश वाचला जातो. मग ज्याला जो शब्द किंवा वाक्यांश भिडला तो त्याने प्रार्थनापूर्वक तीनदा उच्चारायचा, मध्ये थोडे थांबत. स्पष्टीकरण द्यायचे नाही. चौथी पायरी तीन ते पाच मिनिटांच्या मौनाची. खालून फेरीवाल्याची आरोळी येते, कुकरची शिट्टी होते, तरी कोणी बोलत नाही. पाचव्या पायरीला प्रत्येक जण आपल्याला काय जाणवले ते ‘मला’ असे म्हणून सांगतो. सहाव्या पायरीला काम ठरते : मागच्या वेळी ठरलेले झाले का, आता कोणाला गरज आहे, कोण जाईल, केव्हा. सातव्या पायरीला उत्स्फूर्त प्रार्थना आणि गीत.

ही सभा दोन जागी कोसळते. पाचव्या पायरीला बायबलचे जाणकार प्रवचन सुरू करतात आणि घरकाम करून आलेली बाई गप्प बसते, म्हणजे ज्याला गरज जवळून दिसते त्याचेच तोंड बंद होते. संचालकाने तिथल्या तिथे, पण गोडीने अडवावे. दुसरी जागा सहावी पायरी : साडेनऊ वाजलेले असतात, चहा तयार असतो, आणि ‘काम पुढच्या वेळी ठरवू’ म्हणून सगळे उठतात. असे तीनदा झाले की तो समुदाय निव्वळ प्रार्थना मंडळ होतो. म्हणून उशीर झाला तर पाचवी पायरी आखडावी, सहावीला हात लावू नये. संचालन दर खेपेला नव्या माणसाकडे द्यावे.

सेवा. येशू यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तीमयाला विचारतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ (मार्क १०:५१). गरज उघड दिसत असतानाही त्याने विचारले. सेवेची पहिली पायरी हीच, आणि ती बहुतेक वेळा वगळली जाते.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. देशभरातून आलेले रुग्ण आणि नातेवाईक आसपासच्या धर्मशाळांत, तर काही पदपथावर राहतात. अनेक मंडळ्यांना तिथे अन्नदान करावेसे वाटते. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी विचारावे. कोणत्या दिवशी जेवण आधीच येते हे कळते आणि एकाच दुपारी तीन टेम्पो उभे राहत नाहीत. नातेवाइकांना कधी जेवणापेक्षा प्लेटलेट देणारा माणूस, अर्ज भरून देणारा मदतनीस किंवा दोन तास रांगेत उभा राहणारा सोबती हवा असतो.

जेवणच द्यायचे तर तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतलेल्या माणसाला तिखट, आंबट आणि कडक काहीच चालत नाही. पुलाव आणि वेफर्स त्याच्या कामाचे नाहीत. मऊ मुगाची खिचडी चालते. पन्नास जणांना चार किलो तांदूळ, दोन किलो मूगडाळ आणि धान्याच्या पाचपट पाणी धरावे. हळद, मीठ, थोडे तूप, मिरची नाही. केमोथेरपी चालू असताना प्रतिकारशक्ती घटते, म्हणून चिरलेली फळे आणि कोशिंबीर टाळावी. शिजल्यापासून दोन तासांच्या आत वाटप संपावे, मे महिन्यात तासाभरात. भात दमट हवेत फार लवकर बिघडतो. वाटणाऱ्याने वाकून हातात द्यावे आणि शक्य असेल तर नाव विचारावे.

वॉर्डातल्या भेटीसाठी आधी तिथल्या परिचारिकेची परवानगी घ्यावी. दोघांनी जावे, उभे न राहता स्टुलावर बसावे, पाच-दहा मिनिटांत निघावे. बोलणे रुग्णाचे ऐकावे. प्रार्थना करू का, असे विचारावे आणि ‘नको’ म्हटले तर तितक्याच मायेने बसावे. मदत प्रार्थनेच्या अटीवर देणे ख्रिस्ताच्या शिकवणीला धरून नाही. बरे होण्याचे वचन देऊ नये. फोटो काढू नयेत. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये हे मत्तय ६:३ मध्ये स्पष्ट आहे, आणि आजारी माणसाची लाज राखणे हे त्याहून जवळचे कारण.

लहान मुलांबरोबरच्या कामात एकट्या प्रौढाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नये; रस्त्यावर हरवलेले किंवा छळ झालेले मूल दिसले तर १०९८ या बाल मदत क्रमांकावर कळवावे, परस्पर घरी नेऊ नये. पैशाचा हिशेब दोघांनी मिळून ठेवावा आणि दर महिन्याला मंडळीसमोर वाचावा. कार्यकर्ते थकतात ते बहुधा दोन-तीन माणसांवरच सगळे पडल्यामुळे; चार गट करून प्रत्येकाला महिन्यातला एक आठवडा दिला तर काम वर्षभर टिकते. चारपैकी एक गट पावसाळ्यात अडकला, लोकल बंद पडल्या, तर कोणी जायचे हे जूनच्या आधीच ठरवून, फोन क्रमांकांसह कागदावर लिहून ठेवावे.